समलैंगिकांना सहसा मुलं होत नाहीत, मग हा कल पिढ्यान् पिढ्या टिकतो कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मुलं होत नसतील तर उत्क्रांतीत हा कल संपला कसा नाही, ही एक. आणि धाकट्या भावाने घरी सांगितल्यापासून आई ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणून रडतेय, तर तिला काय सांगू, ही दुसरी. मी नाशिकला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, म्हणून लिहितोय.

समलैंगिकतेचा असा एकच जीन नाही. 2019 मध्ये सुमारे 4 लाख 77 हजार लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ठळक संबंध सापडला तो फक्त 5 ठिकाणी, आणि त्यांचा एकत्रित वाटा एक टक्क्याहूनही कमी. असंख्य बारीकसारीक फरक धरले तर 8 ते 25 टक्के. (त्यात समलिंगी संबंध कधी आला का, एवढंच विचारलं होतं, ओढ कुणाची वाटते हे नाही.) हे फरक आपल्या सगळ्यांत थोडेथोडे विखुरलेले असतात, चार मुलं असलेल्यांतही. मग ते संपतील कसे?

याशिवाय 2004 मध्ये इटलीतल्या संशोधकांना समलैंगिक पुरुषांच्या आईकडच्या बायकांना जास्त मुलं झालेली आढळली. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचे ‘फाआफाफिने’ (जन्माने पुरुष, पण बाईच्या रीतीने राहणारे, पुरुषांची ओढ असलेले) भाचरांचं जास्त करतात, असंही दिसलंय. पण भाचरांमुळे कल टिकला, हे मला अपुरं वाटतं. मुलात आपले निम्मे जीन असतात, भाचरात पावच, म्हणून एका मुलाची भरपाई व्हायला दोन भाचरं जास्तीची जगवावी लागतील.

आता आईंचं. जीनचा वाटा एवढाच, म्हणजे बाकीचं संस्कारांवर, असा अर्थ लोक लगेच काढतात. तो चूक आहे.

आमची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. सगळी थॉमसन, कलमांची, म्हणजे जीन तेच. तरी एप्रिल छाटणीनंतर कोवळ्या डोळ्यात घड धरणार की बाळी (वेलाचा नुसता तणावा), हे ऊन, पाणी, संजीवकं यांवर ठरतं. ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासायला दिली की डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तो इवलासा घड दिसतो. फुटायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं सगळं. बागाइतदाराला बाळी नको असते. पण तेवढ्यावरून ती रोग ठरत नाही.

माणसातही गर्भात बरंच घडतं. सख्ख्या आईचे थोरले मुलगे जितके जास्त, तितकी धाकटा समलैंगिक असण्याची शक्यता वाढते, दर भावामागे साधारण एक तृतीयांशाने. मुळात ती दोनेक टक्केच, त्यामुळे बहुतेक धाकटे भाऊ समलैंगिक नसतात. पण एकाच घरात वाढलेल्या सावत्र भावांमुळे ती वाढत नाही, हे 2006 मध्ये दिसलं. म्हणजे घरच्या वातावरणाचा हा परिणाम नव्हे. मुलग्याच्या गर्भातल्या एका प्रथिनाविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि त्यामुळे हे घडत असावं, असा 2018 चा पुरावा आहे. अशा गोष्टीत कुठली आई चुकणार? आईंना हेच सांगा, माझ्या शब्दांत नको, तुमच्या.

‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे भावाला नेऊ नका. असे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 पासून गैरवर्तन ठरवलंय.

आणि लग्न लावून दिलं की सुधारेल, हा मामांचा सल्ला आजच थांबवा. त्यात दुसऱ्या घरची एक मुलगी आहे, आणि तिला कुणी काही विचारलेलं नाही.