नागपुरात सध्याच्या मंदीत झाडांच्या निगेचा छोटा व्यवसाय सुरू करावा का?

आपण विचारले आहे की हाती दीड लाख रुपये आहेत, मदतीला दोन माणसे आहेत, लोकांनी खर्चाला हात आखडता घेतला आहे आणि शहरात लाकडाच्या बदल्यात फुकट छाटणी करून देणारे ठेकेदार जागोजागी आहेत. अशा वेळी कोणती यंत्रे घ्यावीत आणि दर काय लावावा. व्यवसाय जरूर सुरू करा. मात्र यंत्रांच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका, ती म्हणजे मजुरी म्हणून लाकूड कधीही घ्यायचे नाही. ज्याची मजुरी लाकडात असते त्याची करवत जाड, जिवंत आणि सरळ फांदीकडेच वळते, कारण वाळलेल्या, किडलेल्या, छपरावर लोंबणाऱ्या बारीक फांद्यांना टालावर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, कोणी विचारत नाही. परिणामी जी फांदी काढायला हवी ती झाडावरच राहते आणि जी राखायला हवी ती ट्रॉलीत जाते.

याच मुद्द्यावरून माझा आणि माझ्या मामाजींचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. त्यांचा लाकडाचा टाल होता आणि मी या कामात उतरलो तेव्हा पहिली करवत त्यांनीच मला दिली होती, हे मी विसरलेलो नाही. परंतु त्यांचे म्हणणे कायम एकच असे: "झाड छाटाचे पैसे कोन देते? लाकूड घे अन् मोकळा हो."

धरमपेठेतील एका जुन्या घराच्या आवारात मोठा कडुनिंब होता. घरमालकीण काकू एकट्याच राहत असत आणि पावसाळ्याआधी झाडाची त्यांना धास्ती वाटू लागली होती. मी मजुरीचा आकडा सांगितला, तेव्हा सोबत आलेल्या मामाजींनी काकूंच्या समोरच सांगून टाकले की लाकूड आम्हाला द्या, एक रुपया नको. काकूंनी मला सरळ विचारले की हे फुकट करत असतील तर मी तुम्हाला पैसे कशाला देऊ? प्रश्न रास्त होता. मी त्यांना झाडाखाली नेले आणि एकेक फांदी दाखवली. छपराच्या कवेलूंवर आलेल्या दोन फांद्या पार वाळल्या होत्या, दोन फांद्या एकमेकींवर घासून साल सोलवटली होती, आणि पश्चिमेकडची जाड फांदी मात्र ठणठणीत होती. दुपारच्या उन्हात बुंध्यावर आणि भिंतीवर तिचीच सावली पडत होती. लाकडासाठी येणारा माणूस हीच फांदी आधी उतरवेल, असे मी त्यांना सांगितले. काकूंनी पैसे दिले, आणि मामाजी घरी परतेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच गल्लीतील दुसऱ्या एका घरचा कडुनिंब एका लाकूडवाल्याने ऐन मे महिन्यात फुकटात बोडका करून दिला. नागपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात असताना, आजवर सावलीत राहिलेली साल एकाएकी उघडी पडली की ती भाजते, तडकते आणि त्या फटीतून कीड व बुरशी आत शिरते. तोडलेल्या टोकांवर पुढे झुपकेच्या झुपके फुटले आणि लोकांना झाड जोमाने वाढते आहे असे वाटले. परंतु अशा फुटव्यांचा धर केवळ वरवरच्या थरात असतो आणि त्यांच्या खालचे खोड सडत जाते. काही वर्षांनी मान्सूनपूर्व वादळात असाच एक झुपका बुडासकट उचकटून कुंपणाच्या भिंतीवर कोसळला. मामाजी आजही म्हणतात की तो वाऱ्याचा दोष होता. वारा दोन्ही झाडांवर सारखाच आला होता.

आपल्याला विकायचे आहे ते हे पाहणे आणि सांगणे. म्हणून दर दिवसावर आणि माणसांवर लावा, ट्रॉलीवर कधीही लावू नका, आणि निघालेले लाकूड मालकाचेच राहील असे पावतीवर लिहून द्या. मंदीत लोक हिरवळ आणि शोभेच्या कुंड्या पुढे ढकलतात, पण छपरावर आलेली वाळकी फांदी ते पुढे ढकलू शकत नाहीत. अडचण वेगळीच आहे: सगळ्यांना मे महिन्याच्या अखेरीसच आठवण होते आणि दिवाळीनंतर फोन येत नाहीत. म्हणून गृहनिर्माण सोसायट्या, शाळा आणि दवाखाने यांच्याशी वर्षाचा करार करा, पाहणी पावसाळा संपल्यावर करा आणि मोठी कामे हिवाळ्यात उरका. शासकीय निविदांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. मजुराला पैसे रोज द्यावे लागतात आणि बिल मात्र सवडीने निघते.

आणखी एक काम येथे भरपूर आहे आणि ते फारसे कोणी करत नाही, ते म्हणजे बुंध्याभोवतीची जागा मोकळी करणे. सिमेंटचे रस्ते आणि गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) झाडाच्या बुंध्याला अगदी खेटून बसवलेले आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. खासगी आवारात हेच काम पहार आणि फावड्याने होते व यंत्राला पैसा लागत नाही. मात्र मुळे न दुखावता माती मोकळी करणारा माणूस हवा.

जाड फांदी तीन कापांत उतरवावी: खोडापासून थोडे दूर खालून अर्धवट काप, त्याच्या किंचित पुढे वरून काप, आणि शेवटी फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून तिसरा. कडे कापू नये आणि खुंटही ठेवू नये. जखमेवर ऑइलपेंट फासण्याची पद्धत बंद करा. झाड सडलेला भाग आतून वेगळा पाडते, रंगाने ते काम होत नाही. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या डिंक्या रोगावर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, तो निराळा विषय आहे.

यंत्रांविषयी थोडक्यात: एक मध्यम चेनसॉ, लांब दांड्याची करवत, चांगले दोर, हार्नेस आणि हेल्मेट एवढे पुरे. उद्यम नोंदणी मोफत आहे. मुद्रा कर्ज मिळते, पण पहिल्या हंगामात ते घेऊ नका.

कायद्याचे मी आधीच सांगायला हवे होते. 1975 च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हेही तोडण्यातच मोडते, त्यामुळे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी मालकाच्या नावाने आधी काढून घ्या. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडांना वेगळे संरक्षण आहे. तारांजवळ वीज बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय कोणाला वर चढवू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते; ते दोन्ही माणसांना घेऊन द्या आणि त्यावर विसंबून न राहता वेगळा विमाही काढा. लाकडाच्या बदल्यात काम करणाऱ्यांच्या हिशेबात हा खर्च नसतो, मामाजींच्याही नव्हता, आणि त्यांचे काम स्वस्त दिसण्याचे हे एक मोठे कारण आहे. ग्राहकाने दरावरून घासाघीस केली तर हा खर्च त्याला वेगळा दाखवा, पण तो कमी करू नका.