प्रश्न तुमचे : सेमी-हॉलोच्या पोटात हात घालण्यापूर्वी

प्रश्न : लॅरी कार्लटन यांच्या नावाची सेमी-हॉलो (मधे भरीव ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळ) इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. गिब्सन कंपनीच्या साध्या ईएस-३३५ पेक्षा ती वेगळी कशी?

उत्तर : कार्लटन हे सत्तरच्या दशकातले लॉस एंजेलिसचे मातब्बर सेशन गिटारवादक, म्हणजे इतरांच्या रेकॉर्डिंगवर वाजवणारे. १९६९ च्या गिब्सन ईएस-३३५ मुळे त्यांना ‘मिस्टर ३३५’ हे नाव पडलं. त्या काळी ३३५ ला कारखान्यातूनच ट्रॅपीझ टेलपीस (तारांची खालची टोकं धरणारा भाग) लागून येई, म्हणजे तारा बॉडीच्या खालच्या काठाला अडकवलेल्या. कार्लटन यांच्या गिटारवर मात्र स्टॉप टेलपीस आहे आणि त्यांच्या नावाच्या ३३५ लाही तेच असतं. त्याचे दोन्ही स्क्रू बॉडीच्या मधल्या भरीव ठोकळ्यात जातात, म्हणून सूर घट्ट लागतो. पण आजच्या बहुतेक साध्या ३३५ लाही स्टॉपच असतं. तेव्हा त्यांच्या नावासाठी जादा पैसे मोजण्याआधी मान हातात नीट बसते का, ते पाहा. बजेट कमी असेल तर सायर कंपनीची एच७ जरूर वाजवून बघा. तिच्यावरही कार्लटन यांचंच नाव आहे.

प्रश्न : व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) खरखरतो. घरी बदलता येईल का?

उत्तर : आधी बदलूच नका. वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर लांब नळीने पॉटच्या फटीत थोडा मारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरीही खरखर राहिली तर मात्र संयम हवा, कारण ३३५ सारख्या गिटारला मागे झाकण नसतं. चारही पॉट, स्विच आणि जॅक (केबल खोचायची जागा) एफ-होलमधून, म्हणजे बॉडीवरच्या एफ आकाराच्या फटीतून, आत-बाहेर करावे लागतात. नॉब स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, फिनिश फुटतं; खाली फडकं सरकवून वर ओढा. नट सोडण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला तंगूस बांधा आणि दुसरं टोक वर चिकटवून ठेवा. तंगूस नसेल तर पॉट पुन्हा भोकात आणताना जीव मेटाकुटीला येतो. जॅकसाठी फिशटँकची पातळ नळी त्याच्या तोंडात घट्ट खोचा.

नवा पॉट ५०० के (किलोओहम) घ्या. २५० के लावला तर हंबकर पिकअपचा (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाचा) वरचा आवाज दबतो. टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरड. भोकांची जागा पुठ्ठ्यावर उतरवून सगळी जोडणी त्यावरच करा आणि अँपला लावून तपासा, मगच आत सोडा. नेहमी घोळ होतो तो जाळीदार वायरमुळे: तिची उघडी जाळी आत जाताना पॉटच्या टोकाला टेकते आणि आवाजच बंद होतो. अशा जागी हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

प्रश्न : मोठ्या आवाजात गिटार हुंकारते. मधे ठोकळा असूनही?

उत्तर : हो, कारण दोन्ही बाजूंचे पंख पोकळच असतात. अँपकडे तोंड करून उभं राहू नका, दोन पावलं बाजूला व्हा. तरी हुंकारली तर एफ-होलमध्ये काळा फोम बसवा, पण आतल्या वायरींवर दाबू नका.