प्रोपेनचं बिल, देव्हाऱ्यांचं वर्कशॉप आणि वीस हजारांची सीडी

नमस्कार ताई,

तुमचं पत्र सविस्तर होतं आणि सोबत दोन्ही टाक्यांची बिलं होती, त्यामुळे माझं काम सोपं झालं. इतर वाचकांसाठी मामला थोडक्यात असा. मिनेसोटात सेंट क्लाउडच्या बाहेर पाच एकरांवर घर, मागे ३० बाय ४० फुटांचं पोल बार्न, म्हणजे खांबांवर उभी केलेली मोठी शेड. त्यात भाऊंचं, म्हणजे तुमच्या मिस्टरांचं, लाकूडकामाचं वर्कशॉप. नोकरी सांभाळून ते ट्विन सिटीजमधल्या (मिनियापोलिस-सेंट पॉल) मराठी घरांसाठी देव्हारे आणि चौरंग करतात. नैसर्गिक वायूची लाइन तुमच्या रस्त्यापर्यंत येत नाही, म्हणून घराला एक आणि वर्कशॉपला एक अशा प्रोपेनच्या दोन भाड्याच्या टाक्या. गेल्या हिवाळ्यात १,९०० गॅलन जळलं, सरासरी २.२० डॉलरनं. झाले ४,१८० डॉलर. बँकेतली २०,००० डॉलरची सीडी, म्हणजे मुदत ठेव, आता मॅच्युअर होतेय. तीच चार टक्क्यांनी पुढे चालू ठेवायची, की १६,००० घालून घराला हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र) बसवायचा, की निदान डीलरच्या १.९९ च्या भावानं सगळं प्रोपेन आत्ताच घेऊन टाकायचं, हा तुमचा प्रश्न. अडीनडीची सहा महिन्यांची रक्कम वेगळी ठेवलेली आहे, हे वाचून बरं वाटलं.

१,९०० गॅलन म्हणजे किती, हे गावाकडच्यांना सांगायचं तर आपल्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरच्या हिशेबानं अडीचशेहून जास्त सिलिंडर. सांगलीत कुणाला सांगून बघा, विश्वास बसणार नाही.

आधी हीट पंप. सेल्समननं तुम्हाला ‘बिल निम्मं होईल’ असं सांगितलंय. एक गॅलन प्रोपेनमध्ये साधारण ९१,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता असते. तुमची घरातली फर्नेस, म्हणजे प्रोपेनवर घर तापवणारी भट्टी, ९५ टक्के कार्यक्षम आहे, म्हणजे दहा लाख बीटीयू उष्णता प्रत्यक्ष घरात यायला २.२० च्या भावानं सुमारे २५ डॉलर पडतात. तेवढीच उष्णता साध्या विजेच्या हीटरनं मिळवायची तर २९३ युनिट वीज लागते, तुमच्या १५ सेंटच्या दरानं ४४ डॉलर. हीट पंप एका युनिटमागे हिवाळाभर सरासरी अडीच युनिट उष्णता देईल असं धरलं, तर तो आकडा साडेसतरावर येतो. आणि तुमच्या वीज सहकारी संस्थेचा जो ‘ड्युअल फ्युएल’ दर तुम्ही कळवलाय, ८ सेंटचा, तो मिळाला तर साडेनऊच्या आत.

सगळी गोम त्या ८ सेंटात आहे. हा दर संस्था फुकट देत नाही. कडाक्याच्या थंडीत सगळ्यांचीच मागणी वाढली की ती तुमचा हीट पंप लांबून बंद करते, आणि तेवढे तास घर दुसऱ्या इंधनावर तापलं पाहिजे अशी अट असते. म्हणजे फर्नेस आणि टाकी काढून टाकायची नाही. तशीही उणे २० फॅरनहाइटला फर्नेस लागणारच.

आता तुमचे आकडे. घराच्या टाकीतून १,०५० गॅलन गेलं. उन्हाळ्यातल्या वापरावरून त्यातलं २०० गॅलन गरम पाणी आणि स्वयंपाकाचं दिसतं. उरलं ८५०. हीट पंपानं त्यातला ७० टक्के भार उचलला तर ५९५ गॅलन, म्हणजे १,३०९ डॉलर वाचतात आणि विजेचे ४८५ वाढतात. निव्वळ बचत वर्षाला ८२४ डॉलर. ८ सेंटचा दर नाही मिळाला आणि १५ नंच भरावे लागले, तर बचत जेमतेम ४०० वर येते.

१६,००० ला ८२४ नं भागा. एकोणीस वर्षं. यंत्राचं आयुष्य पंधरा वर्षं धरतात.

शिवाय ते १६,००० सीडीत चार टक्क्यांनी राहिले तर ६४० डॉलर व्याज येतं. फेडरल २२ टक्के आणि मिनेसोटाचा ६.८ टक्के कर गेला तरी ४५५ हातात, आणि मुद्दल शाबूत. म्हणजे हीट पंपाचा खरा फायदा वर्षाला ३७० च्या आसपास, तोही मुद्दल भिंतीबाहेरच्या पेटीत घालवून. सेल्समननं दाखवलेलं दोन हजारांचं फेडरल टॅक्स क्रेडिट यात मी धरलेलं नाही, कारण ते ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही. कोटेशनच्या कागदावर ते अजून छापलेलं असेल तर त्या माणसाकडून बाकीचे आकडेही तपासून घ्या. वीज संस्थेची स्वतःची सूट असू शकते, ती मात्र लेखी मागा.

तुमचा एसी पंधरा वर्षांचा झालाय, असं पत्रात ओझरतं लिहिलंय. तो उद्या बंद पडला तर गणित पालटेल. नवा एसी तुम्हाला सात हजार सांगितलाय. मग हीट पंपाचा जादा खर्च नऊ हजारच राहतो, अकरा वर्षांत फिटतो आणि उन्हाळ्यात गारवाही तोच देतो. पण त्यातही दुसरी एक गोष्ट आडवी येते. भाऊ चार वर्षांनी रिटायर होणार आणि तुम्हाला टेक्सासला मुलीजवळ जावंसं वाटतं, हे तुम्ही शेवटच्या ओळीत कंसात लिहिलंय. ते कंसात ठेवण्यासारखं नाही. पाच वर्षांत घर विकायचं असेल तर एसी चालतोय तोवर हीट पंपाचा विषय बंद करा. राहायचं असेल तर एसी मरेपर्यंत थांबा. दोन्हीकडे आज १६,००० चा चेक फाडायचं कारण मला दिसत नाही.

मला खरं बोलायचंय ते वर्कशॉपबद्दल. त्यावर तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, ‘ते ह्यांचं खातं, त्यात मी पडत नाही’. आता जरा पडा.

वर्कशॉपच्या टाकीचं बिल ८५० गॅलन, १,८७० डॉलर. गेल्या वर्षी नऊ देव्हारे गेले, सरासरी ६५० ला, म्हणजे ५,८५० आले. सागवान, पितळी घंटा, बिजागऱ्या, पॉलिश यात २,३०० गेले. उरले ३,५५०, आणि त्यातून प्रोपेनचे १,८७० वजा. प्रत्येक देव्हाऱ्यावर २०८ डॉलरचं प्रोपेन जळलंय. भाऊंनी किंमत ठरवताना लाकूड धरलं, कडीकोयंडा धरला, शेगडी धरलीच नाही. हौस म्हणून करत असतील तर माझी काही तक्रार नाही, हौसेला मोल नसतं. पण तुम्ही पत्रात त्याला ‘रिटायरमेंटनंतरचा जोडधंदा’ म्हटलंय, म्हणून सांगतो.

इतकं का जळतं, तर भाऊ आठवडाभर वर्कशॉप ६० फॅरनहाइटवर ठेवतात. ‘गोंद धरत नाही’ हे त्यांचं कारण खरं आहे, लाकडाचा पिवळा गोंद ५० च्या खाली नीट बसत नाही. पण काम होतं शनिवार-रविवार आणि बुधवारची संध्याकाळ. उरलेल्या दिवसांत ४५ पुरे, गोंदाच्या बाटल्या घरात आणून ठेवायच्या. चिकटवलेले भाग सुकायला सगळी बाराशे चौरस फुटांची जागा कशाला तापवायची? कोपऱ्यात थर्मोकोलच्या जाड शीटची कपाटाएवढी बंद जागा करून आत विजेचा छोटा, उघडी कॉइल नसलेला, थर्मोस्टॅटचा हीटर ठेवला की भागतं. एवढ्यानं माझ्या अंदाजे २०० गॅलन वाचतील, आणि खर्च जवळपास नाही.

नंतर छत. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात पत्र्याच्या सीलिंगवर तीन इंचांची जुनी फायबरग्लासची गादी दिसतेय, ठिकठिकाणी सरकलेली. उष्णता तिथूनच पळतेय, आणि मोठ्या ओव्हरहेड दाराच्या खालून. वर सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या भुग्याचं इन्सुलेशन, फुंकून भरायचं. मोठ्या दुकानांत पोती घेतली की फुंकायचं यंत्र वापरायला मिळतं, दोन माणसांचं शनिवार-रविवारचं काम आहे. त्याआधी ट्रसना (छप्पर पेलणाऱ्या सांगाड्यांना) सीलिंगचं वजन पेलण्याचं रेटिंग आहे का ते बिल्डरच्या कागदात बघा, सगळ्या पोल बार्नच्या ट्रसना ते नसतं. सामान १,६०० आणि दाराच्या सीलचे ३००, असे १,९०० डॉलर धरा. थर्मोस्टॅट खाली आणल्यावर उरलेल्या ६५० गॅलनमधून यानं आणखी २५० तरी कमी व्हावेत. वर्षाला ५५० डॉलर. साडेतीन वर्षांत पैसे परत, म्हणजे टेक्सासला निघायच्या आधी. आणि ही बचत करमुक्त असते, वाचलेल्या पैशावर कुणी कर मागत नाही.

भाऊ तो व्हेंट नसलेला ‘शंभर टक्के कार्यक्षम’ हीटर बघताहेत, तो मात्र घेऊ देऊ नका. धुरांडं नसलेल्या हीटरची उष्णता वाया जात नाही हे खरं, पण एक गॅलन प्रोपेन जळलं की सुमारे तीन लिटर पाण्याची वाफ होते, आणि ती तिथेच राहते. टेबल सॉच्या बिडाच्या पाट्यावर गंज, सुकवलेल्या लाकडात ओल. त्यात भुशाची धूळ आणि उघडी ज्योत. कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच. आहे तो ८० टक्क्यांचा हीटर ठेवा. बदलायचाच झाला तर ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा घ्या.

कराचंही बघून ठेवा. वेगळी इमारत फक्त आणि नियमितपणे धंद्यासाठीच वापरली तर तिचा खर्च शेड्यूल सी या टॅक्स रिटर्नमधल्या धंद्याच्या फॉर्मवर धंद्याच्या उत्पन्नातून वजा घालता येतो, त्यात हे प्रोपेनही आलं. ‘फक्त’ शब्द आयआरएस, म्हणजे फेडरल कर खातं, शब्दशः घेते. तुमची दुसरी गाडी आणि गवत कापायचं यंत्र हिवाळ्यात तिथेच असतं, तेवढा भाग वगळावा लागेल. पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला की हा छंद नसून धंदा आहे हे तुमच्या बाजूनं गृहीत धरलं जातं. त्यासाठी तरी देव्हाऱ्याची किंमत वाढवायला हवी. ६५० चे ७५० केले तर ट्विन सिटीजमधलं कुणी परत जाईल असं मला वाटत नाही.

राहिला डीलरचा आगाऊ खरेदीचा भाव. मिनेसोटात हा विषय हसण्यावारी नेऊ नये. २०१३ च्या शरदात मका ओला निघाला, तो वाळवायला शेतकऱ्यांनी प्रोपेन भरपूर ओढलं, त्याच सुमारास राज्याला पुरवठा करणारी कोचिन पाइपलाइन दुरुस्तीसाठी बंद होती, आणि पाठोपाठ आली ध्रुवीय थंडी. २०१४ च्या जानेवारीअखेर मिडवेस्टमध्ये घरगुती भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला होता. तसं पुन्हा झालं तर तुमचं अख्ख्या वर्षाचं बजेट दोन महिन्यांत संपेल. म्हणून थोडं बांधून घेणं शहाणपणाचं. पण १,९०० गॅलन नाही. वर्कशॉपची कामं केलीत तर यंदाचा वापर १,४५० च्या आसपास येईल, आणि हिवाळा सौम्य निघाला तर त्याहून कमी. १,००० गॅलन घ्या, १,९९० डॉलर. वरचं लागेल तसं, बाजारभावानं. न वापरलेल्या गॅलनचं काय होतं, पैसे परत मिळतात की पुढच्या वर्षी धरतात की बुडतात, हे करारात वाचल्याशिवाय सही नको. आगाऊ पैसे म्हणजे डीलरला दिलेलं बिनतारण कर्जच आहे, हेही ध्यानात असू द्या.

भाड्याच्या टाकीत दुसरा डीलर भरत नाही, म्हणून तुम्हाला घासाघीस करता येत नाही. पाच वर्षांसाठी स्वतःची टाकी घेऊन पुरायचा उद्योग मी करणार नाही. पण आजूबाजूच्या दोन डीलरांना फोन करून टाकी बदलून देण्यासकट भाव विचारा, आणि तो आकडा तुमच्या डीलरला सांगा. भाडं, डिलिव्हरीचे चार्ज, किमान वापराची अट, सगळं धरून.

तर सीडीतून १,९०० छताला, १,९९० प्रोपेनला, उरलेले १६,११० परत सीडीत. पण एकाच पाच वर्षांच्या सीडीत नाही, वर्षावर्षाच्या तुकड्यांत, म्हणजे एसी मेला तर दंड भरून मोडावी लागणार नाही. छताचं काम ऑक्टोबरच्या आत उरका, आणि पुढच्या हिवाळ्याचं वर्कशॉपच्या टाकीचं प्रत्येक बिल भाऊंच्या देव्हाऱ्यांच्या वहीतच लावा.