शस्त्रक्रियेआधी प्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन घ्यावे का?

प्रश्न : माझ्या जाऊबाईंना (वय ४७) स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लवकर करून घ्यायला सांगितले आहे. परंतु घरचे गौरी-गणपती त्यांच्याच अंगावर असल्याने विसर्जनापर्यंत थांबावे, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. प्रोजेस्टेरॉन या शरीरातल्याच नैसर्गिक हार्मोनच्या एका स्वस्त इंजेक्शनाने हा आजार आटोक्यात राहतो, असे वाचले. ते इथेच घेऊन तोवर थांबता येईल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : थांबू नये, हे आधीच सांगतो. तुम्ही वाचले ते अगदीच निराधार नाही, पण अर्धे आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजार स्त्रियांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीरात कोणत्या हार्मोनचा अंमल आहे, यावर आजार पुढे पसरणे अवलंबून असावे, अशी त्यामागची कल्पना होती. म्हणून निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्याच औषधाचे ५०० मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन देण्यात आले. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ज्यांच्या काखेतील गाठींपर्यंत आजार पोहोचला होता, त्यांच्यापैकी इंजेक्शन घेतलेल्या सुमारे ६५ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर आजारमुक्त होत्या, तर न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. इतक्या स्वस्त औषधाच्या मानाने हा फरक मोठा आहे, आणि म्हणूनच या संशोधनाकडे मी आशेने पाहतो. तरीही एका उपगटात दिसलेल्या लाभावरून ते सरसकट सर्वांना देण्याची पद्धत रूढ झालेली नाही. शिवाय हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या जोडीला होते; गाठ रोखून धरण्यासाठी किंवा शस्त्रक्रिया लांबवण्यासाठी ते कोणालाही दिलेले नव्हते.

‘नैसर्गिक’ या शब्दाने निर्धास्त होऊ नये. इस्ट्रोजेनही नैसर्गिकच, पण स्तनाच्या अनेक कर्करोगांना तेच खतपाणी घालते, आणि टॅमॉक्सिफेनसारखी औषधे त्याचीच वाट अडवतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे औषध एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासातून २००२ मध्ये पुढे आले.

तेव्हा गावात परस्पर इंजेक्शन घेऊ नका. जाऊबाईंच्या गाठीच्या तुकड्याचा ईआर-पीआर तपासणीचा (गाठ इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनला दाद देणारी आहे का, हे पाहणारी तपासणी) अहवाल आला असल्यास तो मागून घ्या, कारण हार्मोनविरोधी गोळ्या उपयोगी पडतील की नाही ते त्यावरून ठरते. आणि प्रोजेस्टेरॉनविषयी विचारायचे ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. यंदाची गौरीची पूजा आणि नैवेद्य तुम्ही उचला व त्यांना आताच मुंबईला पाठवा. विसर्जनानंतर चिपळूणहून मुंबईच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, हे गुहागरकरांना मी सांगायला नको.