अहिल्याबाई होळकर राज्य आणि कर्तव्य यांकडे कोणत्या दृष्टीने पाहत असत?

राज्य आपले नसून शंकराचे आहे आणि आपण केवळ त्याच्या वतीने कारभार पाहतो, अशी अहिल्याबाईंची धारणा होती. म्हणूनच त्यांच्या हुकमांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ असे लिहिले जाई. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव गेल्यावर त्यांनी कारभार हाती घेतला, लष्कर तुकोजी होळकरांकडे सोपवले आणि १७९५ पर्यंत महेश्वरहून राज्य चालवले.

भक्तीपेक्षाही मला त्यांची हिशेबातील शिस्त अधिक बोलकी वाटते. होळकरांच्या घराण्यात दौलतीचा म्हणजे राज्याचा पैसा आणि खासगीचा म्हणजे घराण्याचा स्वतःचा पैसा वेगळा असे, आणि काशी विश्वनाथाच्या मंदिरासह घाट, विहिरी, धर्मशाळा यांवरील त्यांचा दानधर्म मुख्यतः या खासगीतून चाले.

त्या रोज दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत, अशी नोंद जॉन माल्कमने केली आहे. महिदपूरला १८१७ मध्ये होळकरांविरुद्धच लढलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या या अधिकाऱ्याला अहिल्याबाईंची स्तुती करण्याचे काही कारण नव्हते, त्यामुळे ही साक्ष मला दरबारी बखरींपेक्षा वजनदार वाटते.