पिवळा नीलम म्हणजे पांढरं काजळ

प्रश्न असा आला आहे: 'यलो सॅफायर'ला मराठीत 'पिवळा नीलम' म्हणावं का? आणि 'सॅफायर' हा शब्द मूळ संस्कृत 'शनिप्रिय' यावरून आला, हे खरं का?

पहिल्याचं उत्तर: नाही. दुसऱ्याचंही बहुधा नाहीच.

'पिवळा नीलम', 'पांढरा नीलम' आणि वर कडी म्हणजे 'निळा नीलम'! हे इतक्यांदा कानावर आदळतं की आता दचकायलाही होत नाही. नीलममधला 'नील' कुणाला ऐकूच येत नाही की काय? इंग्रजांची गोष्ट वेगळी. त्यांच्या रत्नशास्त्रात एका खनिजाच्या लाल रंगाला रूबी आणि बाकी सगळ्या रंगांना सॅफायर म्हणण्याची वहिवाट आहे. तिथे यलो सॅफायर चालतं. आपण त्यातला सॅफायर काढून नीलम बसवला की पांढरं काजळ तयार होतं.

यावर एकाने मला सुनावलं, की 'तेल' हा शब्दही तिळावरूनच आलाय, तरी शेंगदाणा तेल म्हणतोच ना? बिनतोड वाटतं खरं. पण तेल म्हणताना तीळ आठवत नाहीत, नीलम म्हणताना निळा रंग डोळ्यांपुढे येतोच. ज्योतिषांचे 'पितांबरी नीलम' आणि 'खुनी नीलम' मला मान्य आहेत. तिथे खडा निळा असतो आणि त्यात पिवळी किंवा लाल झाक असते.

जाता जाता: 'निलम' असं लिहू नका. 'निळा' ऱ्हस्व, 'नीळ' दीर्घ, आणि 'नीलम'ही दीर्घच. शेवटचा 'म' कुठून आला? माझं मत असं, की तो 'नीलमणी'तला आहे. शब्द फारसीत जाऊन हिंदी-उर्दूमार्गे परत आला. फारसीत 'ण' नाही, तेव्हा 'णी' तिच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. घरचा शब्द हवा असेल तर 'इंद्रनील' आहे. त्याच्यापुढचा 'महानील'. गरुडपुराणात त्याची परीक्षा दिली आहे: खड्याच्या शंभरपट दूध घ्यायचं, त्यात तो ठेवायचा, सगळं दूध निळं दिसलं तर महानील. अंगठीतून निखळलेला खडा मी वाटीभर दुधात टाकून पाहिला. दूध पांढरंच राहिलं, खडा मात्र बोटांनी चाचपडत शोधावा लागला.

आता शनिप्रिय. इंग्रजी कोश ही व्युत्पत्ती 'कदाचित' लावून देतात. आपले लोक ते 'कदाचित' गाळून पुढे ढकलतात. सॅफायरच्या मागे लॅटिन 'सॅफिरस', त्यामागे ग्रीक 'सॅफेरॉस', आणि हिब्रूत 'सप्पीर'. या वाटेवर शनीचा 'न' कुठे सांडला, ते कुणी सांगत नाही. शिवाय ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सॅफेरॉसचं वर्णन करतो, ते सोनेरी ठिपके असलेला दगड असं. रोमन लेखक प्लिनीही तेच म्हणतो. नीलमात सोनेरी ठिपके नसतात, लाजवर्दात, म्हणजे लॅपिस लॅझुली या दुसऱ्याच निळ्या दगडात, असतात. म्हणजे ग्रीकांचा सॅफेरॉस मुळात नीलम नव्हताच! बायबलमध्ये देवाच्या पायाखाली सप्पीरची फरसबंदी आहे, तीही बहुधा लाजवर्दाचीच. पुढे बिशपांच्या अंगठ्यांत स्वर्गाची खूण म्हणून निळा खडा बसला, तो मात्र नीलम. नाव तेच राहिलं, दगड बदलला.

आपल्याकडे वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना मानला जाणारा शिलालेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, इ.स. ४८४चा. थिओफ्रास्टस त्याच्या जवळपास आठशे वर्षं आधीचा. ज्या शनीला अजून वारही मिळाला नव्हता, त्याच्या आवडीचा खडा ग्रीसपर्यंत नाव कमावून बसला होता, असं मानायचं का? आणि शनीचा 'नील' तरी कुठला? नवग्रहस्तोत्रात तो 'नीलांजनसमाभासम्' आहे, म्हणजे अंजनासारखा काळा. संस्कृतातला नील गडद काळ्यापर्यंत जातो. शनीला नीलम लाभतो की नाही हा वाद ज्यांचा त्यांनी घालावा.

खरी मजा पुढेच आहे. माणिक आणि नीलम हे एकच खनिज, ॲल्युमिनियम ऑक्साइड. किंचित क्रोमियम आलं की लाल, लोह आणि टायटॅनियम आलं की निळं. इंग्रजीत त्याला 'कोरंडम' म्हणतात. हा शब्द आपल्याच बाजूचा, तमिळ 'कुरुंदम'. चार्ल्स ग्रेव्हिलने १७९८ मध्ये आशियातल्या याच दगडावर रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. संस्कृतात 'कुरुविंद' म्हणजे माणिक. आणि मराठीत कुरुंद म्हणजे? धार लावायचा दगड! चाकावर सुरी टेकली की ठिणग्या उडतात, तो. कठीणपणाच्या दहापैकी मोजपट्टीवर हिरा १०, कुरुंद ९, त्यामुळे पोलाद त्याच्यापुढे नमतं. एकच वस्तू, एक बोटात मिरवते, दुसरी सुऱ्या घासते. 'कुरु + विंद' असा विग्रह करून हा शब्द संस्कृताच्या घरी नेऊन बसवणाऱ्यांनी आधी त्यातून दगड काढून दाखवावा. माझ्या मते हा शब्द दगड फोडणाऱ्यांचा, दक्षिणेतला, आणि मराठीत तो पोथ्यांतून नव्हे, कारागिरांच्या तोंडून आला.

अरबांनी हे नीट सांभाळलं. त्यांचा 'याकूत' लालही असतो, निळाही, पिवळाही. नाम एक, रंग विशेषणात. आपल्याकडेही तसं नाम होतं, ते आपण धारवाल्याला देऊन टाकलं.

हां, तुमचा पिवळा खडा राहिलाच. त्याला 'पुष्कराज' म्हणतात. त्यात ना पुष्कर आहे ना राजा, तो मूळचा 'पुष्पराग'. हिंदीत पुखराज झाला आणि मराठीत येताना पुन्हा संस्कृताचा सदरा चढवून बसला. अडचण एवढीच, की टोपाझ या वेगळ्याच खनिजालाही पुष्कराजच म्हणतात आणि तो कठीणपणात ८. तेव्हा घोळ नको असेल तर पावतीवर 'पिवळा कुरुंद' असं लिहून मागा. विकणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते मला कळवा.