पोषण शिक्षणाच्या कार्यक्रमाची माहिती आणि अहवाल सुधारायचे तर काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की तुमची संस्था माण तालुक्यात माता बैठका घेते, दरमहा सात पानी फॉर्म भरला जातो, तरी घरातल्या खाण्यात फरक पडतोय का हे कुणाला सांगता येत नाही.

मी जत तालुक्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. असलेच फॉर्म मीही भरून घेतलेत, म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते. एकदा वर्षभराचे अहवाल समोर घेऊन बसले. बैठकीची उपस्थिती 25, 30, 30, 20, 35. खरी माणसं मोजली तर कधी 17 भरतात, कधी 23. सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर कसे संपतील? सेविकेला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, 17 लिहिलं की तुम्हीच विचारता कमी का. 30 लिहिलं की कुणी काही विचारत नाही." यावर मी काय बोलणार!

तेव्हा आधी उपस्थितीवरून रागावणं बंद करा. मग फॉर्ममधलं जे गेल्या वर्षभरात कुणी वाचलंच नाही ते काढून टाका. मुलांचं वजन-उंची 2021 पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर जातंच आहे. तेच सेविकेकडून तिसऱ्यांदा लिहून घेऊ नका, तिच्याकडे रजिस्टरं काही कमी नाहीत.

त्या जागी एकच गोष्ट नीट विचारा. "बाळाला सकस आहार देता का?" हा प्रश्न नको, त्याला सगळ्याजणी होच म्हणतात. 6 ते 23 महिन्यांच्या बाळाच्या आईला म्हणा, "काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत बाळाच्या पोटात काय काय गेलं, सांगा." ती सांगत जाईल, तुम्ही खुणा करत जा. जागतिक आरोग्य संघटनेचे आठ गट आहेत: आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी-शेंगा-दाणे, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, गाजर, पालक, पपई अशी अ जीवनसत्त्वाची फळं-भाज्या, आणि बाकीची फळं-भाज्या. त्यांतले किमान पाच गट पोटात गेले असतील तर त्या दिवसापुरतं बाळाचं खाणं वैविध्याचं धरतात. चहा-बिस्कीट आणि दुकानातल्या पुड्या बायका आपणहून सांगत नाहीत, कारण ते त्यांच्या लेखी खाणंच नसतं. ते वेगळं विचारा आणि वेगळं लिहा. भरवणारी आजी असेल तर तिलाच विचारा. आमच्या जतच्या पूर्व भागात तर हा प्रश्न कन्नडमध्ये विचारावा लागायचा. मराठीत विचारलं की नुसती मान हलायची.

सगळ्या घरी जायची गरज नाही. एलक्यूएएस म्हणून एक पद्धत आहे, मूळची कारखान्यातला माल तपासायची. तिच्यात एका पर्यवेक्षिकेच्या भागातून साधारण 19 घरं पुरतात. त्यावरून गावागावाची टक्केवारी मात्र काढू नका. भाग ठरवलेल्या पातळीला पोचला की मागे आहे, एवढंच त्यातून कळतं. घरं चिठ्ठ्या टाकूनच निवडा. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत वरवरचं घेतलं तर तळ करपलेला कळत नाही. सेविकेवर निवड सोडली की ती रस्त्यालगतची, ओळखीची घरं दाखवते. मळ्यातली आणि वस्तीवरची राहून जातात.

ऊसतोडीचा हंगाम विसरू नका. दिवाळीच्या सुमारास काही घरांना कुलूप लागतं ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत. जानेवारीत चित्र सुधारलेलं दिसलं तर आधी बघा, मोजली कोण. बाळांचं खाणं बदललंय की बाळंच आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत? स्थलांतरितांचा एक रकाना ठेवा. तिकडे कऱ्हाड-वाळव्याकडे काम असेल तर उलट, उसाच्या फडाजवळच्या कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, यादीत घ्या.

आणि आकडे वर पाठवायच्या आधी त्याच बैठकीत वाचून दाखवा. एका गावात मी सांगितलं, काल अंडं खाल्लेली बाळं दोन-चारच निघाली. मागून एक आजी बोलली, "कोंबड्या घरोघरी हायत की. अंडी बाजारला जात्यात." हे लिहायला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं आणि पुढची बैठक त्यावरच लावली, सासूबाईंना मुद्दाम बोलावून.